विचारून सांगते

साळवेबाई देवाविषयी बोलताना ‘ते’ म्हणायच्या आणि नवऱ्याला सरळ ‘योहान’ म्हणून हाक मारायच्या. त्यामुळे शाळेत नवीन आलेल्या शिक्षिकेचे पहिले काही दिवस गोंधळात जायचे. “काल त्यांना विचारलं, फ्रिज घेऊ का. काही बोललेच नाहीत,” असं बाई डबा खाताना म्हणाल्या, की नवीन शिक्षिका सहानुभूतीनं म्हणायची, “पुरुषांचं असंच असतं हो.” बाई पोळीचा तुकडा मोडत म्हणायच्या, “पुरुषांचं कुठं म्हणतेय मी? योहान तर लगेच ‘घे’ म्हणाला.”

जुन्या नाशकातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, एवढ्या भांडवलावर आमची मैत्री झाली आणि टिकली. बाई उंच, अंगानं भरलेल्या, पदर खांद्याला पिनेनं असा पक्का केलेला की वादळातही हलू नये. पण दिसण्याच्या आधी त्या ऐकू यायच्या. पाचवीच्या वर्गात त्यांनी ‘कोन’ म्हटलं की भिंतीपलीकडे सातवीच्या मुली कोनमापक काढायच्या. मी त्याच भिंतीपलीकडे कविता शिकवत असायचे. आईच्या आठवणीनं व्याकूळ झालेल्या कवितेत मधूनच “छेद समान करून घ्या!” असं यायचं. पुढे पुढे मी त्या जागी आपणहून थांबायला लागले.

त्यांचे वडील सिन्नरकडच्या एका खेड्यात पाळक होते, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चचे गुरुजी. घराणं काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. बाईंनी आम्हाला कधी धर्माचं काही सांगितलं नाही. नाताळात करंज्यांचा डबा आणायच्या, संक्रांतीला तिळगूळ घ्यायच्या. माझ्याकडे सत्यनारायण होता तेव्हा मी जरा चाचरतच बोलावलं. “विचारून सांगते,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, “पूजेला बसणार नाही. शिऱ्याला त्यांची हरकत नाही.”

हे विचारणं म्हणजे काय, तर बाई असतील तिथं डोळे मिटायच्या. स्टाफरूममध्ये, जिन्यात, एकदा तर बँकेच्या रांगेत. लगेच उघडायच्या आणि निकाल सांगायच्या. बहुतेक वेळा निकाल एकच असायचा, “काही बोलत नाहीत. म्हणजे आपणच डोकं चालवावं असं दिसतंय.” क्वचित उत्तर यायचं. एका वर्षी सहल वणीला न्यायची ठरली. बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, “जायला हरकत नाही. पण गाडीचे टायर बघून घ्या म्हणतात.” शिपायाला पाठवून टायर बघितले. चांगले होते. सहल गेली, गडावर मुलींनी देवीचं दर्शन घेतलं, सगळे सुखरूप परत आलो. उतरताना बाई मला म्हणाल्या, “बघा.” काय बघायचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

योहान सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. किडकिडीत, टापटीप, आणि बोलायचे जवळजवळ नाहीच. “एका घरात एक रेडिओ पुरतो,” असं बाईच म्हणायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, दारात लिंबाचं झाड, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये बाईंचं गाणं. मी एकदा नाताळात गेले होते. सगळी मंडळी गात होती आणि त्या सगळ्यांच्या खाली, घराचा पाया असतो तसा, बाईंचा आवाज होता. परतताना मी कौतुक केलं. म्हणाल्या, “त्यांनी दिलेला आहे. मी फक्त वापरते.”

नव्वदचं दशक निम्म्यावर आलं असताना तो आवाज बसला.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. शिक्षकांचे आवाज बसतातच. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मुलींनी खडीसाखरेच्या पुड्या आणून टेबलावर ठेवल्या. दिवाळी गेली, नाताळ गेला. त्या वर्षी बाई चर्चमध्ये गायल्या नाहीत. मग नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं आणि तिथं सांगण्यात आलं, की गळ्यात गाठ आहे, वाईट आहे, आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. तंबाखूला जन्मात हात न लावलेली बाई. पुढे श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. बोलणं बंद.

मला हे त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, फाटक्या कुजबुजीत. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, “थांबा, अजून त्यांना विचारलेलं नाही.”

आणि इथंच गाडी अडली. बाई विचारत राहिल्या. ऑपरेशनची तारीख मिळाली होती ती त्यांनी पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले.

“काय ठरलं?” मी विचारलं.

“काही बोलत नाहीत.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टर तर सारखेच बोलतात.”

योहान आतून चहा घेऊन आले. एरवी ते कप ठेवून निघून जायचे. त्या दिवशी ते ट्रे हातात धरून उभेच राहिले.

“सुमती,” ते म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. माझ्यासमोर त्यांनी बाईंना नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

“तुझ्या वडिलांना साप चावला तेव्हा तुझ्या आईनं काय केलं होतं? तूच सांगतेस. प्रार्थना केली आणि बैलगाडी जुंपली. दोन्ही केलं. तू यंदा गाडी जुंपायची विसरलीस.”

मी चहाकडे बघत बसले.

“डॉक्टर बोललेत,” योहान म्हणाले. “‘ते’ आणखी काय वेगळं बोलायचे?”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “घ्या, चहा गार होतोय.” पुढच्याच आठवड्यात ती दोघं मुंबईला गेली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाईंनी उरल्यासुरल्या आवाजात प्रार्थना केली, हे मला योहाननी पुढे सांगितलं. लोकांशी बोलताना देवाला ‘ते’ म्हणणाऱ्या बाई प्रत्यक्ष देवाशी मात्र अरेतुरेत बोलायच्या. म्हणाल्या, “बापा, आवाज तुझाच आहे. परत न्यायचा तर ने. पण एकदा मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं.” मग नर्स आली आणि त्यांना घेऊन गेली.

बाई परत आल्या त्या गळ्याभोवती पांढरं फडकं बांधून आणि हातात पाटी घेऊन. पाटी शाळेतलीच, लाकडी चौकटीची. वजन निम्म्यावर आलेलं. फडक्याखाली श्वास चालताना बारीक शीळ वाजल्यासारखं व्हायचं. गरम चहावर त्यांना फुंकर मारता येत नव्हती. वास येत नव्हता. दारातल्या लिंबाचं पान चुरगाळून त्या नाकाशी नेत आणि टाकून देत.

माणसं भेटायला येत होती. आजारी माणसाला भेटायला आलेली माणसं जे बोलतात ते सगळं बोलत होती. चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ आले, हात जोडून बसले आणि म्हणाले, “देवाची इच्छा, बाई. आपण कोण?” बाईंनी पाटी उचलली, नीट अक्षरात लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरली. ‘इच्छा होती का, ते मी विचारलं आहे. उत्तर आल्यावर कळवते.’ गृहस्थ चहा न घेता गेले.

एकदा त्यांच्याकडे प्रार्थनेला चर्चची मंडळी जमली. घरच्या कुणीतरी शेवटची प्रार्थना करायची पद्धत. आजवर ते काम बाईंचं. सगळ्यांनी डोळे मिटले आणि योहानवर वेळ आली. मग ते म्हणाले, “बापा, काय म्हणायचंय ते सुमतीला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आमेन.” मीसुद्धा डोळे मिटून बसले होते. हळूच उघडून पाहिलं तर बाईंचे डोळे उघडेच होते. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

त्या काळात त्यांनी डोळे मिटणंच सोडून दिलं. मी काही विचारलं की पाटीवर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायच्या. रविवारी चर्चला जायच्या, पण शेवटच्या बाकावर बसायच्या आणि गाणं सुरू झालं की उठून बाहेर उभ्या राहायच्या. एकदा मी धीर करून म्हटलं, “बाई, मनातल्या मनात तरी बोला त्यांच्याशी.” त्यांनी लिहिलं, ‘ज्यानं बोलायचे तेच काढून नेलं. आता कशानं बोलू?’ लिहिलं आणि लगेच पुसलं.

घाटाची गोष्ट याच दिवसांतली. ती मला बाईंनी स्वतः सांगितली, पण खूप पुढे, बोलता यायला लागल्यावर. एका सकाळी योहान कामाला गेल्यावर त्या घराला कुलूप लावून निघाल्या आणि गोदावरीच्या घाटावर जाऊन अगदी खालच्या पायरीवर बसल्या. गळ्यातल्या छिद्रात पाणी गेलं तर माणूस हातचा जातो, हे डॉक्टरांनी दोघांनाही बजावलेलं होतं. बाईंना पोहता येत नव्हतंच. पाणी पावलांना लागत होतं. आजूबाजूला लोक कपडे धूत होते, कुणाचे तरी विधी चालले होते, गुरुजी यजमानांवर खेकसत होते. त्या बसून राहिल्या.

दुपारी योहान आले. डबा विसरला म्हणून घरी परतले होते आणि दाराला कुलूप पाहिलं होतं. ते बाईंच्या शेजारी त्याच पायरीवर बसले, बूट-मोजे घालून, पाय पाण्यात. काही विचारलं नाही. आणि मग तो न बोलणारा माणूस बोलायला लागला. लेथवर काम कसं लावतात, कुठल्या धातूला कुठलं हत्यार चालतं, फोरमनच्या मेव्हण्याचं लग्न कसं मोडलं, कँटीनच्या वरणात पाणी किती असतं. थांबेचनात. बाई म्हणायच्या, “इतकं कंटाळवाणं. मी आयुष्यात. ऐकलं नव्हतं. जे मनात होतं. ते टिकेचना.” पाटी घरी राहिली होती. शेवटी त्यांनी ओल्या बोटानं दगडावर लिहिलं, ‘पुरे. चल घरी.’

चढताना त्यांनी खुणेनं विचारलं, मी इथं आहे हे कसं कळलं?

“विचारलं,” योहान म्हणाले.

बाईंनी वर बोट केलं.

“आधी त्यांना. मग कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला.”

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. पण त्या दिवसापासून योहान रोज संध्याकाळी बाईंसमोर बसून दिवसभराचं सगळं सांगायला लागले, आणि रोज झोपताना मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. बाईंच्या मते प्रार्थना सुमार होत्या. पण त्या ऐकून घ्यायच्या. एका संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहून योहानला दाखवलं, ‘त्यांना म्हणावं, मार्ग दाखवा. मी अजून रागावलेली आहे, हेही सांग.’ योहाननी दोन्ही निरोप पोचवले.

पुढच्या तपासणीला ती दोघं मुंबईला गेली तेव्हा इस्पितळाच्या बाकावर शेजारी एक धिप्पाड म्हातारा येऊन बसला. धोतर, टोपी, गळ्यात सोन्याची साखळी आणि साखळीच्या वर तसंच पांढरं फडकं. सटाण्याकडचे कांद्याचे बडे व्यापारी, सगळे त्यांना दगाआप्पा म्हणायचे. त्यांनी बाईंच्या हातातली पाटी पाहिली आणि विहिरीच्या तळातून आल्यासारख्या खर्जात, अहिराणीत विचारलं, “हाई काय शे?”

बाई दचकल्या. छिद्र त्यांनाही होतं. फडकं त्यांनाही होतं. मग आवाज कुठून येतोय?

“आवाज कोठे गया नही बाई,” आप्पा म्हणाले, आणि पोटावर थाप मारली. “पोटमा शे. भायेर काढ.”

गोष्ट अशी होती, की हे ऑपरेशन झालेली माणसं अन्ननलिकेत हवा ओढून घ्यायची आणि ती ढेकरेसारखी सोडत त्यावर शब्द चढवायचे, हे शिकू शकतात. इस्पितळातल्या एका थेरपिस्टनं आप्पांना शिकवलं होतं, आणि आप्पा आता जो दिसेल त्याला शिकवत सुटले होते. त्यांनी योहानला पिटाळून गोटी सोडा मागवला. तो बाईंना पाजला आणि बाक ठोकत हुकूम सोडला, “दे ढेकर!”

सुमती साळवे. पाळकांची मुलगी. वर्गात जांभई दिली तरी मुलीला बाहेर उभं करणारी. भर दवाखान्यात एक परका म्हातारा त्यांना ढेकर द्यायला सांगत होता, आणि बाकीचे रुग्ण उत्सुकतेनं बघत होते.

“मी मार्गदर्शन. मागितलं होतं,” बाई पुढे मला म्हणाल्या. “हे पाठवलं.”

महिनाभर जमलं नाही. मग थोडं थोडं जमायला लागलं. आप्पा कामानिमित्त नाशकाला आले की घरी यायचे, शिकवणी घ्यायचे, जाताना कांद्याची गोणी ठेवून जायचे. गल्लीत कुणालाच कांदे विकत घ्यावे लागले नाहीत. क, ट, प ही अक्षरं आधी निघतात म्हणून आप्पा स्वतःच्या धंद्यातले शब्द घोकायला लावायचे. बाईंनी मनात ठरवलं होतं, पहिला शब्द ‘बापा’ निघाला पाहिजे. तशी त्यांनी योहानकरवी विनंतीही केली होती. एका दुपारी स्वयंपाकघरात त्या एकट्याच सराव करत असताना घशातून अचानक खणखणीत शब्द निघाला, “कांदा.”

“त्यांना विनोद. आवडतो,” बाई म्हणायच्या. “हे मला. आधी माहीत नव्हतं.”

पण त्या दिवशी योहान घरी आले तेव्हा बाई ओट्यापाशी उभ्या होत्या, डोळे मिटून. योहाननी दारातच चपला काढल्या आणि तिथंच उभे राहिले. बाईंना पूर्ण वाक्य जमत नव्हतं. बाप, बापा, एवढंच पुन्हा पुन्हा येत होतं.

मुख्याध्यापिकांनी त्यांना ऑफिसचं काम सुचवलं. हेतू चांगला होता. बाई म्हणाल्या, “गणिताला. गळा. लागत नाही.” आणि पदराखाली फडक्याच्या जागी स्वतः विणलेला पांढरा क्रोशाचा रुमाल लावून सातवीच्या वर्गावर गेल्या. त्या दिवशी माझा तास पलीकडे होता. मी शिकवायचं सोडून कान देऊन उभी होते.

“पुस्तकं. काढा.”

कुणीतरी फिसकन हसलं.

“कोण?”

“मी, बाई.” एक बारीक आवाज.

“का?”

“बाई, ढेकर दिल्यासारखं वाटलं.”

“ढेकरच आहे.” मग फळ्यावर खडू चालल्याचा आवाज. बाई गळ्याचं चित्र काढत होत्या. ही श्वासाची नळी, ही अन्नाची. इथून कापलं, इथून हवा घ्यायची, इथून सोडायची. “कळलं? आता. करून बघा. त्रिकोण. म्हणा.”

आणि मग भिंतीपलीकडून अख्खा वर्ग ढेकरा देऊ लागला. बारीक, जाड, खोट्या, खऱ्या. त्रिकोण कुणालाच म्हणता येईना. मुख्याध्यापिका घाईघाईनं व्हरांड्यातून आल्या आणि दारात थबकल्या. “काय चाललंय काय इथं?”

“प्रात्यक्षिक,” बाई म्हणाल्या.

त्या वर्गात पुन्हा कुणी हसलं नाही. उलट मधल्या सुट्टीत मुली पाण्याच्या नळापाशी सराव करताना दिसायच्या. फोनवर मात्र बाईंची पंचाईत व्हायची. त्यांचा आवाज ऐकून पालक म्हणायचे, “साहेब, जरा बाईंना द्या ना.” बाई सुरुवातीला समजावून सांगायच्या. नंतर नुसतं “देते” म्हणून थोडा वेळ थांबायच्या आणि त्याच आवाजात “बोला” म्हणायच्या.

दगाआप्पा आणि बाई यांचं एक भांडण कायम चालायचं. मी एकदा ते समोर बसून ऐकलं. आप्पांची भक्ती वणीच्या सप्तशृंगीवर. ते म्हणाले, “मनी मायनी तुले मनाकडे धाडं.” म्हणजे त्यांच्या आईनं, देवीनं, बाईंना त्यांच्याकडे पाठवलं. बाई म्हणाल्या, “नाही. माझ्या बापानं. तुम्हाला. माझ्याकडे. पाठवलं.” आप्पा मानेनात. बाई हटेनात. दोघंही हवा गिळत, एकेक शब्द उकरून काढत, लाल होऊन वाद घालत होते. योहान मधे कांदाभजी आणून ठेवत होते. शेवटी बाई म्हणाल्या, “दोघांचं. आपापसात. ठरलं असेल.” आप्पांनी विचार केला आणि भजं उचललं. त्यांना ते पटलं असावं. काही वर्षांनी आप्पा हृदयविकारानं गेले. बाई आणि योहान एसटीनं त्यांच्या गावी जाऊन आले. आल्यावर बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. या वेळी पाटीही घेतली नाही.

एकदा शाळा सुटल्यावर आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो होतो. मला बरेच दिवस विचारायचं होतं ते विचारलं, “बाई, त्यांच्यावरचा राग गेला का हो?”

बाईंनी हवा गिळली. “नाही.”

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

“पण बोलणं. चालू आहे.” मग थोड्या वेळानं, “आधी मी. फार बोलायचे. त्यांना मधे. जागाच नसायची. आता दोन शब्द. की थांबावं लागतं. थांबलं की. काही काही. ऐकू येतं.”

“काय ऐकू येतं?”

“बहुतेक वेळा. योहान.”

त्या हे गंभीरपणे म्हणाल्या, म्हणून मी हसले नाही.

“पण तुम्ही रोज मागायच्यात, सांभाळ कर म्हणून,” मी म्हटलं. “मग याला सांभाळणं म्हणायचं?”

बाईंनी मैदानाकडे पाहिलं. मुली दोरीच्या उड्या मारत होत्या. “आवाज गेला. मी आहे. घाटावर. मी बसले होते. योहान आला. एवढं सांभाळलेलं. मला दिसलं.” पुन्हा हवा घेतली. “बाकीचं. विचारलंय.”

बाई निवृत्त झाल्या, मागोमाग मीही. डॉक्टरांनी त्यांचं नाव लक्षात ठेवलं होतं. कुणाचं तसं ऑपरेशन झालं की निरोप यायचा आणि बाई पिशवीत सोड्याची बाटली टाकून निघायच्या. काही जण शिकायचे, काही रडायचे, काही दार लावून घ्यायचे. दार लावून घेणाऱ्यांकडे त्या पुन्हा जायच्या.

पंचवटीच्या भाजीबाजारात हिराबाई बसायची. मी पंचवटीतच राहते, माझी भाजी वर्षानुवर्षं तिच्याकडची. तिची आरोळी रामकुंडापर्यंत पोचायची. तिचंही तेच ऑपरेशन झालं. मग सून धंद्यावर बसू लागली आणि हिराबाई मागे, भिंतीकडे तोंड करून, पदर गळ्याशी आवळून. मीच बाईंना घेऊन गेले. हिराबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे तळवा उलटा करून विचारलं, काय हे?

“मलाही. सांगितलेलं नाही,” बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी गोणपाटावर बसल्या.

त्या आठवड्यातून दोनतीनदा येऊ लागल्या. मी मुद्दाम तिकडून जायचं टाळत असे. बघे असले की शब्द अडतो, हे बाईंनी मला सांगितलं होतं.

मग गुडघ्यांनी मला घरात बसवलं आणि मुलानं पुण्याला येण्याचा आग्रह धरला. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या सकाळी मी बाजारात गेले. गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो अडकला होता, त्याच्या आडून मला दुकान दिसत होतं. सून नव्हती. हिराबाई पुढे बसली होती, तोंड रस्त्याकडे. मागे साळवेबाई, इस्त्रीच्या साडीत, मेथीच्या जुड्यांना दोरा बांधत होत्या.

एक गिऱ्हाईक वाकलं, मेथी उलटीसुलटी केली आणि मान वर न करताच भाव पाडायला लागलं.

हिराबाईनं मान ताणली. तिनं हवा गिळली ती मला पलीकडून दिसली.

“पर. वडत. नाय.”

त्या माणसानं वर पाहिलं. मला वाटलं, आता हा जाणार. तो म्हणाला, “अहो मावशी, दोन घेतो, मग तरी कमी करा की.”

“नाय. पर. वडत.”

तो जुडी टाकून निघाला. चार पावलं गेला, पलीकडच्या गाडीवर डोकावला, परत आला आणि कुरकुरत तिच्याच भावानं दोन जुड्या घेऊन गेला.

या ऑपरेशननंतर हसण्याला आवाज राहत नाही. टेम्पो सुटला, रिक्षा हॉर्न वाजवायला लागल्या, मागून कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगितलं. मेथीच्या ढिगामागे त्या दोघींचे खांदे गदागदा हलत होते.